धायटी ओळखायची कशी? नागपूरच्या मुरमाड टेकड्यांवरच्या लाल झुडपाची बारमाही ओळख

फेब्रुवारीत नागपूरबाहेर पडलं की सगळ्यांची नजर पळसाकडे जाते. काटोल रोड घ्या किंवा मनसरच्या पुढे जबलपूरचा रस्ता घ्या, पळस दोन्हीकडे असतोच. त्याच दिवसांत त्याच रानात कमरेएवढ्या उंचीवर आणखी एक लाल फुलोरा असतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो धायटीचा. वैद्य तिला धातकी म्हणतात, बाजारात तिची वाळलेली फुलं धायफूल म्हणून मिळतात आणि मध्य प्रदेशाकडच्या गावांत तिला धवई म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी, तामण आणि डाळिंब ज्या कुळातले, त्याच लिथ्रेसी कुळातलं हे झुडूप. वुडफोर्डिया या प्रजातीत जगभरात दोनच जाती आहेत. एक आपली आणि दुसरी आफ्रिका-अरबस्तानातली. त्यामुळे आपल्या रानात प्रजाती ओळखली की जात आपोआप ओळखली जाते.

बहुतेक लोक धायटी फुलावरून ओळखतात आणि फूल गेलं की तिला विसरतात. पण फुलोरा जेमतेम तीन-चार महिन्यांचा. उरलेल्या दिवसांत तेच झुडूप समोर उभं असतं आणि आपण त्याला 'काहीतरी काडीकचरा' म्हणून पुढे जातो. म्हणून या लेखात फुलाइतकीच, किंबहुना जास्तच, जागा मी पानाला दिली आहे. धायटीचं पान उलटून बघण्याची सवय लागली, की ऑगस्टमध्येही ती तुम्हाला चुकवून जाणार नाही.

आधी इतवारीत जा

रानात जायच्या आधी घरच्या घरी तयारी करता येते, आणि ती खरोखर उपयोगी पडते. इतवारीत काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. तिथे 'धायफूल द्या' म्हणा. पन्नास-शंभर ग्रॅम पुरे. पुडीत तपकिरी-लालसर, चुरगळलेल्या बारीक नळ्या दिसतील. देठ, पानाचे तुकडे, माती असं बरंच त्यात मिसळलेलं असतं.

यातली धडधाकट दिसणारी दहा-बारा फुलं निवडून कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवा. नळ्या फुगून पुन्हा आकार घेतात. पाण्यालाही लालसर रंग चढतो, कारण या फुलांत टॅनिन आणि रंगद्रव्य दोन्ही आहेत. कापड रंगवायला धायफूल वापरायचे ते त्यामुळेच. आता एक फूल पांढऱ्या बशीत घ्या, सुईने नळी उभी चिरा आणि पसरा. नळीच्या तोंडाशी सहा दाते दिसतील. आत तळाजवळून निघालेले पुंकेसर दिसतील. वाळताना त्यातले काही तुटलेले असतील, पण धड फुलात मोजून बारा भरतात. लांबी पट्टीवर बघा, नळी साधारण एक ते दीड सेंटिमीटर भरते.

एवढं एकदा हाताने केलं, की रानात काय शोधायचंय याबद्दल शंका राहत नाही.

ही फुलं दुकानात येतात ती आसव-अरिष्टांसाठी. दशमूलारिष्टासारख्या औषधांत आंबवण सुरू करायला धायफूल घालतात, कारण फुलांतल्या मधासोबत यीस्टही येतं. कुटजारिष्टात कुड्याची साल आणि धायफूल दोन्ही पडतात. योगायोग असा, की रानात धायटीशी ज्याची सर्वात जास्त गल्लत होते ते झुडूपही कुडाच. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. मात्र झाड ओळखता आलं म्हणून घरी काढे-आसवं करू नयेत. ते काम वैद्याचं आहे.

कुठे शोधायची

नागपूर शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसलेलं आहे. पश्चिमेला हिंगणा, बाजारगाव, कोंढाळी, काटोल या बाजूला बेसाल्टच्या सपाट माथ्यांच्या टेकड्या आणि त्यांच्या उतारांवर मुरूम. ईशान्येला रामटेक, मनसर, पेंचकडे खडक बदलतो. तिथे जुने रूपांतरित खडक आहेत, मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी त्याच पट्ट्यात आहेत. धायटीला खडकाच्या जातीचं फारसं कौतुक नाही. तिला पाणी न साचणारी जमीन आणि भरपूर ऊन हवं.

म्हणून काळ्या भारी जमिनीच्या सपाट शेतशिवारात तिला शोधू नका, तिथे बाभूळ आणि बोर भेटतील. दाट सागाच्या आत, सावलीतही शोधू नका. बरड टेकडीचा उतार, नाल्याची दगडी कड, जंगलातून नव्याने कापलेल्या रस्त्याचा मुरमाचा कठडा, सागवन जिथे विरळ होऊन धावडा, सालई आणि गवत सुरू होतं ती सीमा, या तिच्या जागा. रामटेक-पेंच पट्ट्यातल्या टेकड्या आणि कोंढाळीकडचे डोंगरउतार ही सुरुवात करायला चांगली ठिकाणं. शहरातल्या सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरणाऱ्यांनी तिथे दुसरा सराव करावा: समोरासमोर पानं असलेली झुडपं निवडायची आणि ती धायटी का नाहीत ते सांगायचं. घाणेरी तिथे हवी तेवढी आहे.

पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या आत जात असाल, तर गाडीतून उतरता येत नाही आणि उतरूही नये. तिथे दुर्बीण आणि झूम असलेला कॅमेरा एवढंच हत्यार. राष्ट्रीय उद्यानात नि अभयारण्यात पान-फूल तोडायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे मनाई आहे. पान हातात घेऊन बघायचं असेल, तर संरक्षित क्षेत्राबाहेरची टेकडी निवडा, गावातलं कुणीतरी माहीतगार सोबत घ्या आणि गावात सांगून जा. अस्वल आणि बिबट्या हद्द बघून फिरत नाहीत. मार्चनंतर ऊन चढतं, तेव्हा सकाळी लवकर निघून दहाच्या आत परत फिरायचा बेत ठेवा. पाणी प्रत्येकी दोन लिटर तरी सोबत हवं.

लांबून: आधी ठेवण बघा

धायटी सहसा एक ते तीन मीटर उंच. एक सरळ खोड, वर डेरा, असा तिचा घाट नाही. बुडापासूनच बऱ्याच फांद्या निघतात आणि लांब होऊन कमानीसारख्या बाहेर झुकतात. उतारावर असेल, तर या फांद्या खालच्या बाजूला ओथंबतात. जुन्या झुडपाचा बुंधा जवळून बघितला तर गोल गुळगुळीत नसतो, त्याला उभ्या खाचा असतात.

फुलोऱ्याच्या दिवसांत लांबून एक खूण हमखास दिसते. पळसाला फुलं फांदीच्या शेंड्यांकडे, उंच, झुबक्यांनी येतात. धायटीला मात्र फांदीच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर, पानांच्या बेचक्यांतून लहान लहान गुच्छ येतात. त्यामुळे अख्खी कमान लाल दिसते, शेंडा तेवढा लाल असं होत नाही. उजेड मागून येत असेल तर ही लाल कमान शंभर पावलांवरून कळते.

दुसरी खूण पक्ष्यांची. नळीच्या तळाशी मध असतो. सकाळी एखाद्या झुडपात टोंगळ्यापासून डोक्याएवढ्या उंचीवर शिंजीर सारखे ये-जा करत असतील, बुलबुल त्यांना हुसकत असतील, मधमाश्यांचा गुणगुणाट असेल, तर तिकडे दोन मिनिटं थांबून दुर्बीण लावा. पक्षी बघायला निघालेल्यांना धायटी आधी भेटते ती अशी.

पान: खरी ओळख इथे

पान बघताना एका पानावर थांबू नका. हातभर लांबीची फांदी निवडा आणि तिच्यावरची पानं कशी बसलीत ते बघा. धायटीची पानं समोरासमोर जोडीने येतात. क्वचित एखाद्या फांदीवर एका पेऱ्यावर तीन पानं दिसतात, किंवा जोडीतली दोन पानं थोडी खालीवर सरकलेली असतात. त्याने गोंधळू नका, फांदीवरच्या बहुतेक जोड्या काय सांगतात ते धरा. जोड्या बहुधा एकाच पातळीत पसरतात, म्हणून आडवी फांदी चपटी दिसते.

मग देठ शोधा. सापडणार नाही. पान थेट फांदीवर बसलेलं असतं आणि त्याचा बुडाचा भाग गोल किंवा किंचित हृदयाकृती असतो, जणू फांदीला बिलगलेला. तिथून पान निमुळतं होत टोकदार होतं. लांबी साधारण पाच ते दहा सेंटिमीटर, रुंदी दीड ते तीन. कड सरळ, कुठेही दाते नाहीत. ही कड बोटाने एकदा फिरवून बघा, कारण धायटीशी गल्लत होणारी घाणेरी आणि मुरुडशेंग ही दोन्ही झुडपं इथेच बाद होतात.

आता पान उलटा. वरची बाजू हिरवी, मळकट हिरवी म्हणता येईल अशी. खालची फिकट, राखाडी, बारीक मखमली लव असलेली. या राखाडी पाठीवर बारीक ठिपके असतात, नारिंगीपासून काळ्यापर्यंत रंगाचे. या ग्रंथी आहेत, आणि बिनफुलाच्या धायटीची सर्वात भरवशाची खूण माझ्या मते हीच. नुसत्या डोळ्यांनी त्या दिसतीलच असं नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलचा मॅक्रो मोड चालतो: पान तळहातावर पालथं ठेवा, उजेड तिरपा पडू द्या, फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा.

रस्त्याच्या कडेच्या झुडपावर धूळ असते, वणव्यानंतर काजळी असते आणि पावसाळ्यात बुरशीचे डागही असतात. ते सगळं ठिपक्यांसारखंच दिसतं. म्हणून ओलं बोट पाठीवरून हलकेच फिरवा. धूळ-काजळी निघते, ग्रंथी जागच्या जागी राहतात. एकाच पानावर विसंबू नका, झुडपाच्या दोन वेगळ्या बाजूंची चार-पाच पानं तपासा. डाग एखाद्याच पानावर असतात, ग्रंथी सगळ्यांवर सापडतात.

शेवटी पान मोडून बघा. मोडलेल्या जागी पांढरा चीक येता कामा नये. चुरडून वास घ्या, उग्र वास येता कामा नये. जोडीने, बिनदेठाचं, बिनदात्याचं, बिनचिकाचं, पाठीवर राखाडी लव आणि ठिपके: एवढ्या पाचही गोष्टी जुळल्या, तर फूल नसतानाही मी त्या झुडपाला धायटीच म्हणेन. चारच जुळल्या तर थांबेन आणि फुलोऱ्यात परत येईन.

वणवा लागून गेलेल्या किंवा तोड झालेल्या जागी एक अडचण येते. धायटी बुडातून पुन्हा जोमाने फुटते. हे नवे फुटवे सरळ, लांब आणि मोठ्या पानांचे असतात, कमानीची ठेवण त्यांच्यात अजून आलेली नसते. तिथे आकारावर जाऊ नका. पानाची पाठ मात्र तीच असते. जळकं खोड आणि त्याच्या बुडातून निघालेले पाच-सात फुटवे दिसले, की वाकून पान उलटावं. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ धरतात आणि धायटीचा फुलोरा नेमका त्यातच येतो. रानात विडी-काडी पेटवू नका, हे सांगायला नको.

फूल: लाल दिसतं ते काय आहे

नागपूरकडे जानेवारीत कळ्या दिसू लागतात, फेब्रुवारी-मार्च हा ऐन बहर. एप्रिलपर्यंत फुलं राहतात. या दिवसांत पानं विरळ होतात. सगळीच गळतात असं नाही, पण फुलोरा उघडा पडण्याइतकी जागा होते. होळीच्या आसपासचा आठवडा सर्वात चांगला.

गुच्छात दोनपासून पंधरापर्यंत फुलं असतात. एक खाली पडलेलं ताजं फूल उचला. जी शेंदरी-लाल नळी दिसते ती पाकळ्यांची नसते. तो पुष्पकोश, म्हणजे एरवी जो हिरवा असून फुलाच्या बुडाशी असतो तो भाग. इथे तोच लाल, लांब आणि किंचित बाकदार झाला आहे. त्याच्या तोंडाशी सहा दाते. या दातांच्या मधल्या फटींत अगदी बारीक, अरुंद सहा पाकळ्या असतात, दातांच्या जेमतेम वर डोकावणाऱ्या. बऱ्याच जणांना त्या पहिल्या खेपेला दिसतच नाहीत. सुईच्या टोकाने नळीचं तोंड थोडं ताणलं की दिसतात.

नळीतून लांब बाहेर आलेले लालसर तंतू म्हणजे पुंकेसर, बारा. ते सगळे एका बाजूला झुकलेले असतात, आणि त्यांच्यापेक्षाही लांब एक तंतू असतो, तो स्त्रीकेसराचा. नळी उभी चिरली, की पुंकेसर जवळजवळ तळातून निघालेले दिसतात. आणि तळाशी, नळीच्या आत, मोकळा बसलेला बीजकोश, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, दिसतो. तो नळीला चिकटलेला नसतो.

या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. लाल नळीची फुलं असलेली इतर दोन झाडं, बांडगूळ आणि बागेतला हॅमेलिया, यांच्यात बीजकोश नळीच्या खाली असतो. नळी उपटली तर तो देठावरच राहतो. धायटीत तो नळीच्या आत असतो, म्हणून फूल देठापासून तोडलं की त्याच्याबरोबर येतो. हातात चाकू-सुई काही नसलं तरी ही चाचणी करता येते.

रंगाबद्दल: पुष्पकोश पाकळीसारखा पटकन गळून पडत नाही. फूल फळाला लागल्यावरही तो टिकतो, रंग हळूहळू विटतो आणि शेवटी तपकिरी होतो. म्हणून एकाच फांदीवर भडक लाल, विटकी आणि तपकिरी अशा तिन्ही नळ्या सापडतात. एप्रिलच्या शेवटी गेलात आणि सगळं तपकिरी दिसलं तरी निराश होऊ नका.

फळ आणि साल

फळ लहान, लांबट गोल, साधारण सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडं कमी, आणि वाळलेल्या नळीच्या आत दडलेलं. बाहेरून बघणाऱ्याला ते वाळलं फूलच वाटतं. बोटांनी चुरडलं की आतून तपकिरी, अगदी बारीक, पुष्कळ बिया निघतात. एप्रिल-मेमध्ये ही खूण चालते. साल पातळ, लालसर तपकिरी, जुन्या खोडावर धाग्यांसारख्या पट्ट्यांनी सुटणारी. नुसत्या सालीवरून निष्कर्ष काढू नये, पण बाकी खुणा जुळत असतील तर सालीने खात्री वाढते.

जिथे गल्लत होते

कुडा सर्वात आधी. पाणी सुकलेल्या नाल्याच्या कडेला, त्याच टेकडीवर, त्याच उंचीचं झुडूप. पानं समोरासमोर, देठ इतका आखूड की नाहीच म्हणावं, कड सरळ. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही हिरवीगार असताना लांबून वेगळी सांगणं अवघड. पण कुड्याचं पान मोठं आणि रुंद असतं, सहज वीतभर भरतं, आणि मोडलं की लगेच पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यांना लागू देऊ नका, हात धुवा. उन्हाळ्यात कुड्याला पांढरी फुलं येतात आणि पुढे लांब शेंगांच्या जोड्या लोंबतात, तेव्हा प्रश्नच उरत नाही.

बांडगूळ लांबून फसवतं. आंब्यावर, मोहावर वाढणारं हे परजीवी झुडूप, त्याची फुलंही नारिंगी-लाल नळ्यांची, आणि शिंजीर तिथेही येतात. पण ते जमिनीतून उगवत नाही. पाया कुठे आहे ते बघा. पानं जाड, चामड्यासारखी. फुलात पुंकेसर पाचच.

हॅमेलियाने मात्र हल्ली बराच घोटाळा केला आहे. नागपूरच्या वसाहतींत, रस्त्यांच्या दुभाजकांत, कार्यालयांच्या आवारात तो सर्रास लावलेला असतो. फुलं शेंदरी, नळीची, झुपक्यांनी. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेलं हे झुडूप, आपल्या रानाशी त्याचा संबंध नाही. एका पेऱ्यावर बहुधा तीन पानं, पानाला स्पष्ट देठ, शिरा लालसर आणि फळ म्हणजे रसाळ गोळी, आधी लाल मग काळी. मोबाइल अॅपला नुसता लाल झुपका दाखवला, तर ते अशा कुठल्याही लाल नळीच्या झाडाचं नाव सांगू शकतं. अॅपला पानाची पाठ दाखवा आणि तरीही त्याचं उत्तर पुरावा समजू नका.

मुरुडशेंगेचं फूल लाल असतं, पण ते पावसाळ्यात येतं आणि शिळं झालं की निळसर-करडं पडतं. पानं एकाआड एक, खरखरीत, दातेरी. पीळ घातलेली शेंग दिसली की संपलंच. घाणेरीच्या फांद्या चौकोनी, काटेरी, पानं दातेरी आणि चुरडली की उग्र वास. रानातला पारिजातकही खडकाळ उतारावर, समोरासमोर पानांचा. त्याची फांदी चौकोनी आणि पान सँडपेपरसारखं खरखरीत, धायटीच्या मखमलीच्या अगदी उलट.

धावड्याची गल्लत दिसण्यात होत नाही, सांगण्या-ऐकण्यात होते. 'धाय', 'धाव', 'धवई', 'धावडा' असं बोलता बोलता एकाचं दुसऱ्यावर जातं. गावात विचारताना फक्त नाव विचारू नका. 'लाल फुलांचं, औषधाला फुलं विकतात ते' असं विचारा. धावडा मोठा वृक्ष, साल पांढुरकी, फुलं हिरवट-पिवळी आणि गोळ्यांच्या आकाराची. फुलं वेचून विकणाऱ्या बायांना हे झुडूप आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत असतं. गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या केंद्र सरकारच्या यादीत वाळलेली धायफुलं आहेत, म्हणजे अनेक घरांत ती उत्पन्नाची बाब आहे. बहरातल्या झुडपाच्या फांद्या फोटोसाठी मोडू नका. त्या कुणाच्या तरी पुढच्या आठवड्याच्या तोडणीच्या असतात.

फोटो आणि नोंद

एका झुडपाचे सहा फोटो काढायची शिस्त लावा. परिसरासकट पूर्ण झुडूप, एक फांदी ज्यात पानांची मांडणी कळेल, पानाची पाठ अगदी जवळून, फूल बाजूने, फूल चिरून पट्टीसोबत आणि बुंधा. यातला तिसरा आणि पाचवा फोटो लोक हमखास विसरतात, आणि ओळख पटवणारा तज्ज्ञ नेमके तेच मागतो. हे फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर तारीख आणि जागेसकट टाकता येतात. नमुना वाळवून ठेवायचा असेल, तर परवानगी असलेल्या जागेतून फुलासकट एक वीतभर फांदी घ्या, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबा, पहिले काही दिवस रोज कागद बदला. एक पान मुद्दाम पालथं ठेवा, म्हणजे पाठ पुढे बघता येते.

नोंद करायला मी आग्रहाने सांगतो त्याचं कारण या भागाच्या जमिनीत आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर 'झुडपी जंगल' नावाचा जमिनीचा एक प्रकार आहे, आणि नागपूर त्यात आहे. हलकी, मुरमाड, झुडपं आणि गवत असलेली ही जमीन. पिढ्यान्‌पिढ्या तिच्याकडे 'इथे आहे काय?' अशाच नजरेने पाहिलं गेलं. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीन मानाव्यात असा निकाल दिला, जुन्या वाटपांसाठी काही अटींवर वाट ठेवून. आता अशा प्रत्येक तुकड्यावर नेमकं काय उगवतं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. धायटी, कुडा, मुरुडशेंग, पारिजातक ही त्या यादीतली पहिली नावं असतील.

ते लिहायची जागाही आहे. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. ज्या गावच्या टेकडीवर धायटी सापडली, त्या ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही बघायला मागा. नोंद नसेल तर समितीला अर्ज द्या. त्यात गावात बोलतात ते नाव, शास्त्रीय नाव, गट नंबर किंवा टेकडीचं नाव, झुडपं अंदाजे किती, फुलोऱ्याचा महिना, फुलं कोण वेचतं आणि कुठे विकतं, एवढं लिहा. पानाच्या पाठीचा आणि चिरलेल्या फुलाचा फोटो जोडा. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवा.